हातचा

टोलेडोला, लॅग्रेंज रस्त्यावरच्या दुकानात
मी गाड्यांना आवाज बसवून देतो.
भिंतीला दोन फळ्या.
डावीकडे एका कंपनीची खोकी, उजवीकडे दुसरीची.
एकीचा अँटेना दुसरीला ओळख देत नाही.
गिऱ्हाईक विचारतं, कुठला घेऊ?
मी विचारतो, बेसबॉल की फुटबॉल?
आणि भला माणूस उभ्या उभ्या
अर्धा रविवार सोडून देतो.

फेब्रुवारीत, तळ्यावरून वारं कापत येत होतं तेव्हा,
बातमी आली : दोघी एक होणार.
मालक पिएटर्झाक खोकी मोजत म्हणाला,
"आता निकालापर्यंत कोण घेतंय?"

निकाल वॉशिंग्टनला. दुकानातला टीव्ही मुका ठेवलेला,
सूटवाल्यांची तोंडं तेवढी हलत होती, खाली अक्षरं धावत होती :
लोकांच्या खिशात गाणी आहेत, फोन आहे,
आम्ही कसले मक्तेदार?
दुसरा बोट नाचवत :
दोन दुकानांचं एक झालं की भाव कोण पाडणार?
पहिला : दोघीही तोट्यात आहेत हो.
मी डॅशबोर्डखाली पाठीवर पडून,
दातात वायर धरून,
बेरीज करत होतो. एक आणि एक.
उत्तर एकच येत होतं
आणि हातचा कुठे गेला ते कळत नव्हतं.

मर्ल ओस्टरमन आला, गावच्या मध्यम लहरींचा मालक,
कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून तापला :
"मॉमीला पूर आला तर शाळा बंद का चालू,
तुझा उपग्रह सांगेल?"
सांगणार नाही. खरं आहे.
पण मागच्या पुरात रात्री अकराला मी मर्लचंच स्टेशन लावलं होतं.
डॅलसमधला कॉम्प्युटर
गाद्यांचा सेल सांगत होता.
हे मी बोललो नाही. त्याच्या गाडीचे स्पीकर माझ्याकडे होते.

सांगलीहून ताईचा फोन.
तिला समजेल असं म्हणून मी लग्नाच्या भाषेत सांगितलं :
दोन्ही बाजू तयार, अक्षता मुठीत घामेजल्या,
आणि सरकारी भटजी
वर्ष झालं तरी अंतरपाट सोडेना.
ती म्हणाली, "हुंडा कोण देतंय?"
वॉशिंग्टनला हे इतक्या थोडक्यात
कुणी विचारलेलं मला दिसलं नाही.

रात्री शटर ओढून मी वर बघतो.
दिसत काहीच नाही, रिफायनरीचा उजेड फक्त.
एकीचे उपग्रह विषुववृत्तावर खिळल्यासारखे उभे,
दुसरीचे तीन, आठच्या आकड्यात फिरतात.
इंग्रजी आठ. गाठ मारलेला.
आपला ८ एका बाजूने उघडा असतो,
त्यातून एखाद्याला निसटता तरी येतं.

वेंडेल क्रूगर मात्र दोन्ही लावून फिरायचा.
केबिनच्या टपावर दोन काळ्या चकत्या, दोन बिलं.
"वायोमिंगात पहाटे अडीचला
माणसाचा आवाज लागतो रे. कुणाचा का असेना."
एक बिल झालं तर बरंच, म्हणाला.
मग कॉफी संपवता संपवता :
"पण आकडा कोण घालणार त्याच्यावर?"
रेल्वेच्या पुलाखालून त्याचा ट्रक जायचा तेव्हा
चार सेकंद दोन्ही रेडिओ गप्प.
तिथे त्या कधीच्या एक झाल्या होत्या.

दुसऱ्या हिवाळ्यात तो आला. निकाल लागला नव्हता,
डिझेल मात्र वाढलं होतं.
"एक काढ."
"कुठला?"
त्याने ट्रककडे पाहिलं, बराच वेळ,
मग म्हणाला, "तुझ्या हाताला लागेल तो."
शिडी लावून मी वर चढलो. हातमोज्यातही बोटं बधिर.
चुंबक टपाला घट्ट धरून बसलं होतं,
स्क्रूड्रायव्हर घालून उचलावं लागलं.
खाली मूळचा लाल रंग निघाला,
वाटोळा, नवा कोरा,
चौदा राज्यांची धूळ त्याच्या कडेपर्यंत येऊन थांबलेली.
मी फडकं फिरवलं. भोवतालची धूळ हलेना.
"राहू दे," वेंडेल खालून म्हणाला,
"पावती कर."